जून त्रेसष्टचा अंक

नवापूरला रिक्षातून उतरल्यावर रंभाबाई दोन मिनिटं नुसत्याच विजेच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. गुडघा ठणकत होता. रस्त्याच्या कडेला बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि सकाळचे अकराही वाजले नव्हते तरी ऊन डोक्यात शिरत होतं. बोईसरहून निघताना त्यांनी नवऱ्याला मैत्रिणीचं नाव घेऊन "हंसाकडे जाऊन येते" म्हणून सांगितलं होतं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण खोटं सांगून घराबाहेर पडायची ही पहिलीच वेळ.

सगळं त्या एका अंकासाठी.

एकुलती लेक सपना साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतरचे सहा-सात महिने कसे गेले ते रंभाबाईंना नीटसं आठवतही नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की एके दिवशी बळवंतराव रद्दीवाल्याकडून पिशवीभर जुने अंक घेऊन आले. तारापूरच्या वीज केंद्रात हयात घालवलेला, वर्तमानपत्रापलीकडे कधी काही न वाचलेला माणूस! साठ वर्षांपूर्वीचं कुठलंसं सचित्र साप्ताहिक होतं ते. त्यात यानात बसवलेली लायका कुत्री होती, शिरस्त्राणातून हसणारे रशियन चेहरे होते, चंद्राच्या धुळीत उमटलेलं पाऊल होतं.

"सत्तावन्न ते एकोणसत्तर, अंतराळावरचे सगळे अंक जमवायचे," बळवंतराव म्हणाले. "मला बारीक अक्षर दिसत नाही. तारखा तू बघायच्या."

"मला नाही जमायचं," रंभाबाई म्हणाल्या होत्या.

"मग मी एकटाच जातो. पडलो कुठे तर कुणीतरी कळवेलच तुला."

झक मारत त्यांनी चपला घातल्या. तीन वर्षं झाली त्याला. पालघरची रद्दीची दुकानं झाली, माहीमच्या वाड्या झाल्या, शिरगावात एका पेन्शनर गुरुजींच्या पोटमाळ्यावरची धूळ खाऊन झाली. प्रत्येक ठिकाणी बळवंतराव बाहेर ओट्यावर बसायचे आणि आत जाऊन विचारायचं काम रंभाबाईंचं. "बायकांना लोक घरात घेतात," म्हणायचे. घरी आल्यावर अंक पुसायचे, पानं चिकटवायची, वहीत नोंद करायची, तेही त्यांनीच. हाच माणूस सकाळी रंभाबाईंच्या गोळ्यांच्या पट्टीवरची मुंगीएवढी तारीख चष्म्याशिवाय वाचायचा. रंभाबाई हसून सोडून द्यायच्या. नाद म्हटला की माणूस लबाडी करतोच.

आणि करू द्यावी, असं त्यांना वाटायचं. लेक गेली तेव्हा हा माणूस एकदाही रडला नव्हता. पुढे एकदा डॉक्टरांनी बळवंतरावांना एकट्यांना आत बोलावलं, बराच वेळ बोलले. काय बोलले ते त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. रंभाबाईंनीही विचारलं नाही. ऐकायची भीती वाटली. मन कशात तरी गुंतलंय ना, मग असू दे, एवढंच त्यांनी ठरवलं.

आता एकच अंक राहिला होता. जून त्रेसष्टचा. अंतराळात गेलेली पहिली बाई मुखपृष्ठावर असलेला. पुढच्या आठवड्यात बळवंतरावांची पंच्याहत्तरी होती. काल बोईसरचा रद्दीवाला अंकुश म्हणाला, "काकू, नवापूरच्या लाडकीबाईला विचारलं का? सासरा मास्तर होता तिचा. जुना कागद फेकत नाय ती."

"हे मागेच जाऊन आलेत नवापूरला. काही नाही म्हणाले."

"तरी एकदा बघा."

लाडकी अंगणातच भेटली. रंभाबाईंची दशा बघून तिनं आधी पाट दिला, पाणी दिलं, मग विचारलं, "काय काम काडलंस बाय, येवढ्या उनाचं?"

रंभाबाईंनी अंकाचं सांगितलं. लाडकी आत गेली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक अंक घेऊन आली. मुखपृष्ठ शाबूत होतं. शिरस्त्राणातून ती बाई सरळ समोर बघत होती. रंभाबाईंनी सवयीनं तारीख वाचली, पानं मोजली. एकही कमी नव्हतं. तीन वर्षांचा शीण एकदम अंगावर आला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"हाच. देता का मला? माझ्या मालकांसाठी पाहिजे. आजारी आहेत, कुणाला सांगत नाहीत. ह्याच्यावरच जीव टांगलाय त्यांचा."

लाडकी अवघडली. "बघायला दिला बाय. पन न्यायला देता येनार नाय. शब्द दिलाय एकाला."

"कुणाला?"

"मागल्या वर्साला एक म्हातारे आले होते, तुमच्या बोईसरचेच. हाच अंक शोदत होते. हातात घेतला, उभे राहून सगळा वाचला नि परत माज्या हातात दिला. बोलले, जपून ठेवा, पन कोनाला देऊ नका. त्यांची पोर गेली, तवापासून बायकोनं हातरून धरलेलं. जेवन नाय, बोलनं नाय, भिंतीकडं तोंड करून पडायची. डाक्टर बोलला, हिला कामाला लावा, नायतर ही पन जाईल. मग त्यांनी ह्यो जुन्या अंकांचा नाद काडला. आता ती हिंडते, भांडते, दोन घास खाते. बोलले, येवढा येकच राहिलाय. ह्यो मिलाला तर ती परत निजेल."

रंभाबाईंनी मुखपृष्ठावरच्या बाईवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी अंक पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, कडा नीट दुमडल्या आणि लाडकीच्या हातात दिला.

"खरंय," त्या उठत म्हणाल्या. "नका देऊ कुणाला."