तापलेल्या पत्र्याचा रंग

“शेपटीचा तेवढा रंग माझ्यासमोर मारून दाखवा, सर. मी गपचिप बसून बघतो.”

लालसिंग राठोडांनी बुटांच्या खोक्यातून विमान काढून दत्तोपंतांच्या टेबलावर ठेवलं. वीतभर लांबीचं मिग. स्वतः जोडलेलं, स्वतःच चंदेरी रंगवलेलं. फक्त मागचं टोक तसंच सोडलं होतं. हवाई दलात असताना ते याच विमानांच्या इंजिनांवर काम करायचे. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर दत्तोपंतांनी टाकलेला अशाच एका विमानाचा फोटो बघून ते आज कळमनुरीहून मोटारसायकलवर हिंगोलीत आले होते.

“इंजिन चालून चालून तिथला पत्रा करपतो, सर. आधी पिवळट, मग तपकिरी, मग निळा. बाकीचे लोक काळं फासून मोकळे होतात. तुमचा फोटो बघितला अन् मंडळीला म्हणलं, ह्या माणसानं पत्रा तापलेला बघितलाय.”

दत्तोपंतांनी तो बघितला नव्हता. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. विमानाचे भाग चिकटवायचे आणि सांधे घासायचे, एवढं त्यांचं काम. रंग मारायची त्यांची सून जाई. ती रसायनशास्त्र शिकलेली. हवेच्या दाबानं रंगाचा फवारा मारणारा एअरब्रशही तिनेच आणलेला. ग्रुपवर फोटो टाकताना ‘मी रंगवलं’ असं दत्तोपंतांनी कधी लिहिलं नव्हतं. लोक ‘वा सर!’ म्हणायचे, ते हात जोडल्याचं चित्र टाकायचे. विमानामागून विमान, एवढंच.

जाई चहा घेऊन आली.

“आपल्याकडच्या उन्हात माझा रंग हवेतच वाळतो,” लालसिंग म्हणाले. “विमानावर नुसती भुकटी बसते. तुमी काय घालता त्यात?”

“अंदाज लागतो त्याला,” दत्तोपंत म्हणाले.

“बराबर. अंदाजच आमचा कच्चा.”

जाई ट्रेकडे बघत राहिली.

“जाई, कॉम्प्रेसर लाव.”

तिने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि बटण दाबलं. खोलीत घरघर सुरू झाली. दत्तोपंतांनी एअरब्रशच्या वाटीत निळा रंग घातला, वर थिनर ओतलं. दुधाइतका पातळ हवा, असं जाई म्हणायची ते त्यांना आठवत होतं. हवेचा दाब किती ठेवायचा, हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी एअरब्रशचं टोक शेपटीच्या अगदी जवळ नेलं आणि खटका पार मागे ओढला.

रंग शेपटीवर आदळला आणि हवेच्या झोतानं चहूकडे फुटला. कोळ्याच्या पायांसारखे निळे ओघळ चंदेरी पाठीवरून पंखांपर्यंत पळाले.

“अरारारा...” लालसिंग अर्धवट उठले आणि तसेच वाकून उभे राहिले.

“माझी चूक, बाबा,” जाई म्हणाली. “सकाळी आवरताना त्या निळ्या रंगाच्या बाटलीत मी थिनर जास्त ओतलं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.”

बोलता बोलता तिने कापूस ओला केला होता. ओघळ वाळायच्या आत ती तो अलगद फिरवू लागली. निळा निघाला. खालचा चंदेरी रंग जसाच्या तसा होता.

लालसिंगांनी श्वास सोडला आणि ते हसले. “सूनबाई, कलाकाराच्या सामानाला घरच्यांनी हात लावायचा न्हाई, बघा. आमची मंडळी माझे पाने घेऊन नळ दुरुस्त करून राहिली की मी घर डोक्यावर घेतो.”

एक वाक्य पुरलं असतं. दत्तोपंतांनी तोंड उघडलं.

“असू द्या,” ते म्हणाले. “नवीन आहे ती. शिकेल हळूहळू.”

जाईचा कापूस थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

“तुमचा हात दुखतोय ना कालपासून?” ती खाली बघूनच म्हणाली. “तुम्ही सांगत जा, मी मारते.”

तिने वाटी धुतली. रंग पुन्हा कालवला. आता तो दुधापेक्षाही पातळ होता, रंगीत पाणीच. त्यात लवकर वाळू नये म्हणून एका छोट्या बाटलीतले थेंब टाकले, दाब उतरवला आणि हात लांब धरला.

“जरा लांबून,” दत्तोपंत म्हणाले.

“हो, बाबा.”

ती एक फिकट हात मारून थांबली.

“वाळू दे आता.”

“हो.”

तिचा हात आधी चालत होता, त्यांचा शब्द मागून येत होता. पिवळट, मग तपकिरी. दर वेळी इतका पुसट थर, की काही झालंय असं वाटतच नव्हतं. शेवटी निळा आला. धातूला भाजून आलेला, कडेला जांभळट होत विरत गेलेला.

लालसिंग टेबलावर ओणवे झाले. त्यांनी बोट पुढे नेलं आणि तो पत्रा खरंच तापलेला असावा तसं मागे घेतलं.

“हाच,” ते म्हणाले. “हाच त्यो.” त्यांनी बाहीला डोळे पुसले. “बघितलं, सूनबाई? गुरू शेजारी असला म्हंजे हात कसा चालतो.”

मग ते दत्तोपंतांकडे वळले आणि वाकले.

“अहो, नको, नको...” दत्तोपंतांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. लालसिंग गुडघ्यावर बसले आणि हात लांब करून त्यांनी ते गाठलेच.

घरघर बंद झाली. पायांशी वाकलेलं डोकं वर येईना.

“बाबा,” एअरब्रशची सुई पुसता पुसता जाई म्हणाली, “आशीर्वाद द्या ना त्यांना.”