ह्यांची खुर्ची

गोत्रीच्या फ्लॅटवर जेवणाच्या सहाही जुन्या सागवानी खुर्च्या दुरुस्त होऊन आल्या आणि आईनं पानावर बसायलाच नकार दिला. “यातली ह्यांची कुठली?” अण्णांची खुर्ची डुगडुगायची, ते गेल्यापासून आई तिच्यावरच बसून जेवायची. “माजी, हवे एकेय नहीं हले!” गुजराती मिस्त्री छाती फुगवून म्हणाला. खरंच, आता एकही हलत नव्हती; सगळ्या घट्ट, सगळ्या सारख्या. पन्नाशीतही टवाळ असलेल्या गजेंद्रनं आईला देवघरात पिटाळलं, हाताला लागली ती खुर्ची उलटी केली आणि मिस्त्री “अरे, अरे!” करेपर्यंत पुढचा एक पाय कानशीनं घासूनसुद्धा टाकला. “आई, सापडली गं अण्णांची!” आई बसली. खुर्ची पुढं कलली, खट्. मागं आली, खट्. आईच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. गजेंद्रनं मिस्त्रीला डोळा मारला. “गजा,” आई डुलत म्हणाली, “ह्यांची मागं कलायची रे, गधड्या. ही आता माझी. भात वाढ.”