बापाने न पाहिलेली मॅच

दुसऱ्या सेटमध्ये चार-चार झाले तेव्हा पेरीन लाबार्तने नेहमीप्रमाणे वर पाहिलं. तिचा बाप रेमों झोपला होता.

लाकडी बाकांच्या मधल्या रांगेत तो बसला होता. हनुवटी छातीवर, तोंड किंचित उघडं, टोपी मांडीवर घसरलेली. पेरीन सहा वर्षांची असल्यापासून तो तिच्या प्रत्येक टेनिस मॅचला समोर बसायचा, आणि प्रत्येक पॉइंटनंतर ती वर बघायची. मूठ वळली की चढाई कर. टोपीला हात लावला की दम धर. आता ती चौतीस वर्षांची होती आणि आज पहिल्यांदाच वरून कोणी काही सांगत नव्हतं.

पहिला सेट गेला होता. जुलैच्या उन्हात कोर्टाची लाल माती भाजून निघाली होती. जाळीपलीकडे सेलेस्त वोद्रँ, वय अठरा, दोन पॉइंटांच्या मधेसुद्धा जागच्या जागी उड्या मारत होती. तिला बघूनच पेरीनला धाप लागत होती.

पुढचा गेम पेरीनने कसाबसा काढला आणि बाजू बदलताना ती खुर्चीत टेकली. रेमोंच्या शेजारच्या म्हातारीने त्याला जागं करायला कोपर उचललं. पेरीनने मान हलवली. नको. म्हातारीला कळलं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पुढच्या बाकावर गप्पा मारणाऱ्या दोघांना डोळ्यांनीच दटावलं.

पहाटे चारला नांतहून निघून रेमोंने गाडी इथवर आणली होती. नांतच्या स्पर्धेत पेरीन पहिल्याच फेरीत हरली होती. वाटभर ती मागच्या सीटवर झोपली होती. तो कधी झोपतो, हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता.

ती उठली आणि खेळायला लागली. एरवी जोराचा फटका मारताना तिच्या तोंडून आरोळी निघायची, ती तिने गिळली. लांब रॅली खेळायचं पायांत बळ नव्हतं, म्हणून मनात येईल तेव्हा जाळीजवळ अलगद ड्रॉप शॉट टाकला. पहिला पडला तिथेच मेला. दुसराही. रेमों जागा असता तर त्याने डोक्याला हात लावला असता. तिने तिसराही टाकला.

दुसरा सेट सात-पाच. तिसरा सहा-तीन.

जाळीपाशी हात मिळवताना सेलेस्तच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमचा चेंडू कुठे जाणार तेच कळत नव्हतं मला."

"मलाही नाही," पेरीन म्हणाली.

बाकांवर अकरा माणसं होती. त्यांनी बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवल्या. रेमों हलला नाही.

पेरीन पिशवी खांद्याला लावून स्पर्धेच्या ऑफिसच्या तंबूत गेली. टेबलामागे मादाम सुबिरू हाताने वारा घेत बसली होती. या गावची स्पर्धा तीच चालवायची.

"शाब्बास गं! उद्या दहाला, मोठ्या कोर्टावर."

"माझं नाव खोडा, मादाम."

"जिंकलीस ना तू?"

"जिंकले."

"म्हणजे उद्या तुझ्यासमोर खेळणार होती ती पोरगी फुकटात पुढे जाणार?" मादाम सुबिरूने चष्मा लावला, फॉर्म ओढला. "कारण लिहावं लागतं. खांदा?"

"खांदा बरा आहे."

"गुडघा?"

"दमलेय मी."

"दमणं या यादीत नाही गं."

"मग खांदा लिहा."

मादामने लिहिलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं. "मागच्या वर्षीही आली होतीस ना तू इथे? येशील ना पुढच्या वर्षी?"

पेरीनने सही केली.

ती परतली तेव्हा बाकांवर फक्त रेमों होता. ती शेजारी बसली तसा तो दचकला. "पाय हलव! पाय!" मग त्याला रिकामं कोर्ट दिसलं. क्लबचा माणूस मातीवर पाणी मारत होता.

"हरलीस," रेमों म्हणाला.

"जिंकले."

"आणि मी..." त्याने टोपी उचलली, हातात फिरवली. "उठवायचंस ना मला. उद्या किती वाजता?"

"उद्या नाही. नाव काढून आलेय. इथलं, आणि पुढच्या सगळ्या स्पर्धांतलंही काढणार आहे."

"दुखतंय कुठे?"

"नाही."

"मी झोपलो म्हणून चिडलीस?"

"नाही रे पापा. दोन वर्षं झाली, सांगेन सांगेन म्हणतेय. तू गाडीत बसलास की सांगवत नाही."

पाण्याने माती गडद होत चालली होती.

"काल नांतला गाडीत पेट्रोल भरताना मनात आलं," रेमों म्हणाला, "की आता हिने बस म्हणावं. पण बापाने कसं म्हणायचं ते?"

पेरीनने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याच्या शर्टाला घामाचा आणि गाडीचा वास होता.

"चार-तीनपर्यंत आठवतंय मला," रेमों म्हणाला. "दुसऱ्या सेटचं. तिथून पुढे सांग."

"सगळं?"

"सगळं. सावकाश सांग. आपल्याला कुठे जायचंय आता."

पेरीनने बूट काढले, उलटे करून त्यातली माती बाकाखाली झटकली आणि सांगायला लागली.