नऊ की दहा

"तुमचा गोदीवाला मोठा असेल हो, पण पडला ना?" प्लंबर म्हणाला. "आमचा बुलडोझर उभ्या आयुष्यात पडला नाही. जिंकत आला, जिंकत राहिला, पट्टा खुंटीला टांगला आणि घरी जाऊन झोपला."

"पडेल कसा?" शिंपी म्हणाला. "समोर सगळे निवडून घेतलेले गडी. एकाचे गुडघे दुखताहेत, दुसऱ्याला नीट दिसत नाही. गोदीवाल्यासमोर उभं राहायची छाती होती का त्याची?"

नवजात बाळांच्या विभागाबाहेरच्या बाकावर दोघे व्याही बसले होते. शिंपी मुलीचा बाप, प्लंबर मुलाचा. लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांचं वाजलं ते देण्याघेण्यावरून नाही, बॉक्सिंगच्या हेवीवेट चॅम्पियनांत सगळ्यांत मोठा कोण, गोदीवाला की बुलडोझर, यावरून. त्याला बारा वर्षं झाली, तरी भेटले की दोघांची जुंपायचीच. तसं पाहिलं तर दोघांनीही जन्मात कुणाला चापट मारली नव्हती.

आज मात्र प्लंबरने वाद मुद्दाम उकरून काढला होता, आणि शिंप्यानेही तो लगेच उचलला होता. दाराच्या पलीकडे काचेच्या पेटीत त्यांचा नातू होता. बारा वर्षांनी पाळणा हलला आणि पोर दोन महिने आधीच आलं, शिंप्याच्या हिशेबाने जेमतेम एका बाहीएवढं. सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याची श्वासाची नळी काढली होती. "संध्याकाळपर्यंत स्वतःच्या दमावर राहिला, तर आपण जिंकलो," असं त्या म्हणाल्या होत्या. राहिला नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि दोघांनी विचारलंही नाही. गप्प बसलं की नजर दाराकडे जायची. त्यापेक्षा भांडण बरं.

भांडता भांडता गाडी नेहमीच्या जागी येऊन थांबली. गोदीवाल्याची शेवटची लढत, आठवी फेरी. जबड्यावर ठोसा बसला आणि गोदीवाला आडवा झाला. पंच आकडे मोजू लागला; दहाच्या आत उठलं नाही तर हार. गोदीवाला उठला, पण पंचाने हात हलवून लढत थांबवली. शिंप्याचं म्हणणं, तो नवालाच उठला होता, पंच विकलेला होता. प्लंबर म्हणायचा, दहा होऊन गेले होते. त्या एका आकड्यावर सगळं अडलं होतं. नवाला उठला असेल तर त्याच्यासारखा दुसरा झाला नाही, आणि दहा झाले असतील तर तो वेळेवर घरी न गेलेला एक थकलेला माणूस.

"नऊ!" शिंप्याने बाकावर हात आपटला.

"दहा!" प्लंबरचा आवाज चढला. "किती ताणून धराल? त्याच्यात दमच उरला नव्हता. गेला तो! संपला विषय!"

मागे काहीतरी खाली पडलं. शिंप्याने वळून पाहिलं. व्हरांड्याच्या वळणावर त्याची मुलगी भिंतीला धरून उभी होती. तिची पाण्याची बाटली घरंगळत त्याच्या पायापर्यंत आली. जरा पडून ये, म्हणून त्यांनीच तिला वॉर्डात पाठवलं होतं.

"कधी?" तिने विचारलं. "बाबा, कधी गेला?"

शिंप्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो धडपडत तिच्याकडे धावला.

"अगं नाही गं, नाही! बाळ बरं आहे. तो नाही, तो गोदीवाला! तो बॉक्सर!"

"सूनबाई, जीभ झडो माझी," प्लंबर हात जोडून म्हणाला. "आम्ही आपले त्या जुन्या लढतीचं..."

तिने दोघांकडे असं पाहिलं, की शिंप्याला जमीन दुभंगावी असं वाटलं. "इथे? आज?" एवढंच ती म्हणाली, आणि बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. शिंपी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बारा वर्षांची बडबड त्याला त्या घटकेला विषासारखी वाटली.

दार उघडलं. नर्स बाहेर आली ती तणतणतच. "हा काय बाजार आहे? आत लेकरं दचकताहेत!" मग मुलीला पाहून तिचा आवाज खाली आला. "अगं, रडतेस कशाला? नळीशिवाय छान चाललंय त्याचं. चल, हात धू. डॉक्टरांनी सांगितलंय, आता छातीशी धरायचं त्याला."

मुलीने पदराने डोळे कोरडे केले. दारापर्यंत गेली आणि थांबली. बाप काय म्हणणार हे तिला पाठ होतं, म्हणून ती सासऱ्याकडे वळली.

"पप्पा, पुढे काय झालं? उठला का तो?"

प्लंबर मुलाहिजा ठेवणारा माणूस नव्हता. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, गळक्या नळाला तो गळकाच म्हणायचा. शिंप्याने मान खाली घातली.

"उठला," प्लंबर म्हणाला. "नवालाच उठला. मी या डोळ्यांनी पाहिलंय ना."

ती आत गेली. दार लागलं. दोघे पुन्हा बाकावर टेकले. हे शब्द ऐकले की काय काय बोलायचं, कसं चिडवायचं, हे शिंप्याने कितीदा तरी मनात घोळवलं होतं.

"व्याही," आता तो एवढंच म्हणाला, "बारा वर्षांत एकदाही कबूल केलं नाहीत."

प्लंबरची नजर दारावरून हलली नाही.

"बारा वर्षं विचारणारे तुम्ही होतात," तो म्हणाला.