लाल ड्रमचा खोकला

लाल ड्रममधलं आयसोसायनेट आणि निळ्या ड्रममधलं पॉलिओल ही रसायनं फवारणीच्या बंदुकीच्या तोंडाशी एक झाली, की भिंतीवर ऊन-थंडी अडवणारा फेस फसफसून फुगायचा आणि बघता बघता दगडासारखा घट्ट व्हायचा. मास्क गळ्यात लटकवून फोमवाल्याने बारा वर्षं दुसऱ्यांच्या भिंती उबदार केल्या. आता त्याच्या छातीतच काहीतरी फुगून बसलं होतं. डॉक्टरीणबाई फटकन म्हणाल्या, "हा त्या लाल ड्रमचा प्रताप. अंगावर काढू नका, काम बदला."

बायकोला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून उबळ आली की तो बाथरूममध्ये पळायचा, नळ धो धो सोडायचा, मनसोक्त खोकायचा आणि तोंड पुसत हसत बाहेर यायचा.

"किती वेळ तोंड धुता हो!" म्हणत ती त्याचे फोमने माखलेले कपडे झटकून धुवायला घ्यायची.

एक दिवस कामावरचं फोमचं मशीन बिघडलं, म्हणून तो दुपारीच घरी आला. बाथरूमचं दार आतून बंद होतं.

नळ धो धो वाहत होता आणि पाण्याच्या आवाजाआड बायको अगदी त्याच्यासारखीच खोकत होती.