थट्टेचं नातं

"काय रे लासिना, कुत्र्याची मुंडी शिजली का?" हंगामी राष्ट्राध्यक्ष नोबिला झुंग्राना यांनी विचारलं आणि श्वास रोखून धरला.

कर्नल लासिना तोए दारात सलाम ठोकून उभा होता. मागे त्याचे दोन शिपाई. गेले एकोणीस दिवस रोज सकाळी झुंग्राना हाच प्रश्न विचारत होते आणि रोज एकच उत्तर येत होतं. "नाही, महामहिम."

त्या 'महामहिम'ने त्यांची भूक मेली होती. झुंग्राना मोस्सी जमातीचे, लासिना सामो जमातीचा. सामोने मोस्सीला भर बाजारात गुलाम म्हणावं, मोस्सीने त्याला कुत्रेखाऊ म्हणावं, आणि कुणी रागवायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. त्यात नियम एकच: ज्याची थट्टा करतो त्याचं रक्त सांडायचं नाही.

लासिनाने हे नातं पस्तीस वर्षं निभावलं होतं. झुंग्राना कुडुगू गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हा तो मागच्या बाकावरून ओरडायचा, "गुरुजी, तुमच्या मालकाचं गाव नकाशात दाखवा ना!" पुढे गुरुजी शिक्षक संघटनेत गेले, मग खासदार झाले. सभापतीही झाले, कारण त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं. मग राष्ट्राध्यक्ष परदेशातल्या दवाखान्यात वारले. राज्यघटनेप्रमाणे सभापतींना त्या खुर्चीत बसावं लागलं. साठ दिवस, निवडणूक होईपर्यंत. शपथविधीला लासिना पहिल्या रांगेत होता. त्या दिवसापासून त्याने शिवी देणं सोडलं.

टेबलावर दोन कागद होते. एकात निवडणुकीची तारीख होती. दुसरा सैन्याच्या मुख्यालयातून आला होता, त्यात निवडणूक दोन वर्षं पुढे ढकललेली होती. सही एकावरच होणार होती. सेनापतींनी दोनदा फोन करून सांगितलं होतं, "घाई नाही." झुंग्राना यांच्या पत्नीने, तालातोने, एकच सल्ला दिला होता. "लासिना मुख्यालयात बसतो-उठतो. त्याला सगळं कळत असणार. तो शिवी देत नाही तोवर पेनला हात लावू नका."

 आज मात्र लासिनाने सलामाचा हात खाली घेतला. खांदे सैल सोडले.

"शिजली," तो म्हणाला. "पण मुंडी मालकाची. गुलामांना शेपूट."

एक शिपाई फस्सकन हसला. झुंग्राना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मालक म्हणे! अरे, तुझ्या आजोबाला माझ्या आजोबाने दोन कांद्यांना विकलं होतं."

"विकलं ना. आणि तो तिसऱ्या दिवशी तुमच्या आजीला घेऊन परत आला!"

आता दोघेही शिपाई भिंतीला टेकून हसत होते. झुंग्राना यांनी डोळे पुसले. एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. त्यांनी पेन उचललं आणि निवडणुकीच्या कागदावर सही केली. पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता. सेक्रेटरीला बोलावून कागद त्याच्या हाती दिला. "रेडिओवर ने. दुपारच्या बातम्यांत वाचायला सांग."

लासिनाने त्याला अडवलं नाही. उलट बाजूला होऊन वाट दिली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो विरेपर्यंत लासिना ऐकत उभा होता.

मग त्याने खुंटीवरची झुंग्राना यांची पट्ट्यापट्ट्यांची टोपी काढून डोक्यावर चढवली. टेबलावरचा त्यांचा चष्मा लावला. डावा खांदा किंचित खाली सोडला आणि खोलीतून चालू लागला, पाय जरा फेकत, थेट त्यांच्यासारखा.

"साठ दिवस, बंधूंनो," तो त्यांच्याच आवाजात म्हणाला, "फक्त साठ दिवस!" मग त्यांच्यासारखाच खोकला.

शिपाई पोट धरून बसले. "अगदी हुबेहूब!" झुंग्राना म्हणाले.

तालातो बाजरीचं सरबत घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"लासिना, ती टोपी काढ."

"का, वहिनी? शोभत नाही?" तो अजून तिच्या नवऱ्याच्याच आवाजात बोलत होता.

"माझे वडील गेले तेव्हा तू अशीच त्यांची टोपी घालून आमच्या अंगणात चालला होतास. त्यांच्यासारखं बोलला होतास. रडता रडता हसवलंस तू आम्हांला." तिने हातातला वाडगा उंबऱ्यावरच ठेवला. "सामो मोस्सीची टोपी घालतो ती प्रेत उचलायच्या आधी. जिवंत माणसाची कुणी घालत नाही."

शिपायांचं हसू थांबलं. त्यांतला एक जमिनीकडे पाहू लागला.

झुंग्राना सावकाश खुर्चीत बसले. चष्मा नसल्यामुळे त्यांना लासिनाचा चेहरा नीट दिसत नव्हता. स्वतःची टोपी तेवढी दिसत होती.

"कधी ठरलं?"

"काल. सही कुठल्याही कागदावर झाली असती तरी हेच होणार होतं."

"आणि तू, लासिना? तू माझं रक्त सांडणार?"

"मी नाही, गुरुजी," तो आता स्वतःच्या आवाजात म्हणाला. "मी नात्यातला. पण सेनापती तुमचं प्रेत घरी देणार नाहीत, म्हणून टोपी आजच घातली."