बदललेली गोळी

डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात आता औषधं यंत्र लिहून देत असे. डॉक्टर पेशंटला तपासून काय ते सांगत, यंत्र ऐकून घेई आणि चिठ्ठी बाहेर येई.

या वेळी दिनकररावांची हृदयाची गोळी बदलली. "बरंच स्वस्त झालं की," म्हणत ते खुशीत औषधं घ्यायला बाहेर गेले. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. दोघांना आजार एकच होता आणि आजवर गोळीही एकच होती. त्यांची स्वतःची महागडी गोळी तशीच राहिली होती. मग यांचीच का बदलावी?

"गुण तोच आहे, काकू," डॉक्टर म्हणाले.

"शेजारच्या लोंढ्यांनाही हीच दिली होती. त्यांना दिवाळी दिसली नाही. हे यंत्र नक्की काय बघतं?"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. "माणसाची किती वर्षं उरलीत ते. कमी उरली असतील तर महाग औषध वाया जातं, असं ते धरतं. मला त्यात बदल करता येत नाही."

"आणि तुम्ही गुण तोच म्हणून सांगता?"

डॉक्टरांनी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि जरा मोठ्यानेच विचारलं, "काकू, तुम्हाला हल्ली धाप लागते ना? तुमच्या गोळ्या दुप्पट कराव्या लागतील."

वत्सलाबाईंना कधीच धाप लागत नव्हती. त्यांनी संशयाने वर पाहिलं. डॉक्टरांची नजर दाराबाहेर, दिनकररावांवर होती.

"लागते," त्या म्हणाल्या. "फार लागते."